शाळेचा पट आणि लसीचे कार्ड

साथीची बातमी आली की पुण्यात दोन चर्चा एकाच दिवशी सुरू होतात. शाळा बंद करणार का, ही पहिली आणि लस घ्यावी का, ही दुसरी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पालकसभेत, बागेतल्या बाकांवर या दोन्हींचा कीस पाडला जातो. मात्र शाळा आणि लस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे त्या बोलण्यात फारसे कुठे जाणवत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि अजूनही जून महिन्यातल्या पालकसभांना मला बोलावणे येते. तिथे दरवर्षी जे सांगते तेच आज जरा विस्ताराने लिहिते आहे. शहरातले मूल आरोग्य यंत्रणेच्या नजरेस नियमितपणे पडते ते शाळेत, आणि म्हणूनच शाळा बंद करणे हा साथीवरचा सर्वांत महागडा उपाय आहे. आपण मात्र तो सर्वांत आधी योजला आणि सर्वांत उशिरा मागे घेतला.

या घाईचे मूळ मला २००९ सालात दिसते. त्या वर्षी ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि मृत्यू पावलेली मुलगी अवघ्या चौदा वर्षांची, शाळेत जाणारी होती. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा आठवत असतील, मास्क मिळेना म्हणून तोंडाला बांधलेले रुमाल आठवत असतील आणि घरोघरी शिवलेल्या कापूर-वेलचीच्या पुरचुंड्याही आठवत असतील. शाळा काही दिवस बंद राहिल्या. पुढे गणेशोत्सव झाला, शाळा भरल्या, आणि २०१० च्या उन्हाळ्यानंतर पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने त्या फ्लूवर नाकात फवारण्याची लस आणली. साथ आली, शाळा मिटल्या, लस आली, साथ ओसरली, असा एक क्रम पुणेकरांच्या डोक्यात तेव्हापासून पक्का बसला.

इन्फ्लुएंझाच्या बाबतीत त्या क्रमाला आधारही आहे, कारण फ्लू पसरवण्यात शाळकरी मुलांचा वाटा मोठा असतो. वर्गातून तो घरी जातो आणि घरातून आजीआजोबांपर्यंत पोहोचतो. थोडे दिवस शाळा बंद ठेवल्यास रुग्णालयांना श्वास घ्यायला उसंत मिळते. परंतु कोरोनाचे गणित वेगळे होते. त्याचा गंभीर आजार वयाबरोबर वाढत जाई, लहान मुलांना तो बहुधा सौम्य होई, आणि हे २०२० च्या अखेरीपर्यंत डॉक्टरांना पुरते ठाऊक झालेले होते. एका साथीसाठी बेतलेला उपाय दुसऱ्या साथीला आपण तसाच्या तसा लावला, आणि ‘काही दिवस’ या शब्दांतली मर्यादा तेवढी गाळून टाकली.

राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्यानंतर रोजचे आकडे पाहण्याचे जणू व्यसनच लागले. आज किती, काल किती, आपल्या प्रभागात किती, यावर माणसे सकाळच्या चहापासून बोलत असत. या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे मात्र फार थोड्यांनी समजून घेतले. रविवारी चाचण्या कमी होतात, त्यामुळे सोमवारचा आकडा खाली येतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सात दिवसांची सरासरी पाहावी आणि रुग्णसंख्येच्या जोडीला शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले हेही पाहावे, इतके जरी समजले असते तरी निम्म्या अफवा विरल्या असत्या. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच भागांतल्या रक्तनमुन्यांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे त्या भागांतला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस विषाणूला भेटून आला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्या वस्त्यांमध्ये शौचालय सामाईक होते तिथे हे प्रमाण अधिक होते. विषाणू वर्गाची वाट पाहत थांबलेला नव्हता.

पुढच्या वर्षी, म्हणजे जून-जुलै २०२१ मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या चौथ्या पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे निघाली. या मुलांना लस मिळालेली नव्हती आणि त्यांची शाळाही भरत नव्हती. त्याच वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी शाळा उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे जाहीरपणे सांगितले होते. आपण नेमके उलटे केले. ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याचा निर्णय झाला, राज्याच्या कोरोना कृती दलाने आक्षेप घेतल्यावर तो थांबला. ४ ऑक्टोबरला शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरले आणि पहिली-दुसरीच्या मुलांचा नंबर पुण्यात लागला तो डिसेंबरच्या मध्यावर. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गातल्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. पुढे जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि पुन्हा महिनाभर कुलूप लागले. या काळात मॉल ऑगस्ट २०२० मध्ये आणि हॉटेले ऑक्टोबरमध्ये उघडली होती, मंदिरे त्याच वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली होती. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि पुन्हा उघडली. व्यापाऱ्यांच्या संघटना असतात, भाविकांच्या वतीने बोलणारे पुढारी असतात, सात वर्षांच्या मुलांचा मोर्चा निघत नाही. याहून वेगळे कारण मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

ऑनलाइन वर्गांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आम्ही शिक्षिका घरोघर फिरत होतो; एका हातात तापमान मोजण्याचे यंत्र, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर आणि खांद्याला फॉर्मचा गठ्ठा. वस्तीतल्या अनेक घरांत मोबाइल एकच होता आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असे. संध्याकाळी तो घरी आला की मोठ्या भावंडाचा अभ्यास आधी, मग धाकट्याचा, आणि तोवर डेटा संपलेला असे. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ची २०२२ ची पाहणी ग्रामीण भागातली आहे, पुणे शहर तिच्यात येत नाही, तरी तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे देशातले प्रमाण २०१८ मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरल्याचे तिने दाखवले, ते आम्ही शहरातल्या वर्गांत डोळ्यांनी पाहत होतो.

अभ्यासाच्या नुकसानाबद्दल निदान बोलले तरी जाते. शाळेबरोबर आणखी काय बंद झाले, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मधल्या सुट्टीतली खिचडी बंद झाली. कोरडे धान्य वाटले गेले, पण ते ताटात वाढलेल्या जेवणाची जागा घेत नाही. वर्षातून होणारी आरोग्य तपासणी थांबली, जंताच्या गोळ्या वर्गात देणे थांबले आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यायच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची शाळेतली सत्रेही थांबली. ही लस चुकली म्हणून कोणी पालक स्वतःहून दवाखान्यात गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही, कारण बाळाच्या लसी दीड-दोन वर्षांत संपतात, अशीच बहुतेकांची समजूत असते.

शाळा किती मोठे काम करू शकते हे मी नोव्हेंबर २०१८ मध्ये पाहिले होते. गोवर-रुबेला लसीकरणाची राज्यव्यापी मोहीम तेव्हा सुरू झाली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, एक डोस द्यायचा होता. आमच्या शाळेत तीन वर्ग रिकामे केले होते. पहिल्यात मुले रांगेने बसत, दुसऱ्यात सिस्टर सुई टोचत आणि तिसऱ्यात अर्धा तास थांबून मग आपल्या वर्गात जायचे. लस झालेल्या मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करने खूण केली जाई, आणि मुले मतदान करून आल्याच्या थाटात ती खूण एकमेकांना दाखवत. लसीची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे सिस्टर सारख्या विचारत, “बाई, पुढच्या तुकडीत नक्की किती आहेत?” आणि तो आकडा अचूक सांगणे वर्गशिक्षिकेखेरीज दुसऱ्या कोणाला शक्य नव्हते.

त्याच्या आदल्या आठवड्यात पालकसभा वादळी झाली होती. ही लस दिल्याने पुढे मुले होत नाहीत, अशी एक चित्रफीत मोबाइलवर फिरत होती. डॉक्टरांनी सभेत व्यवस्थित माहिती दिली. तिचा परिणाम झाला नाही असे नाही, पण खरी कोंडी फुटली ती सभा संपल्यावर फाटकाशी. “बाई, तुमच्या नातीला देणार का?” असे एका आईने विचारले आणि दिली आहे म्हटल्यावर तिने मुकाट्याने संमतीपत्रावर सही केली. तिच्यामागे उभ्या असलेल्या तिघीचौघींनीही केली. वर्षानुवर्षे आपल्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईच्या शब्दाला जे वजन असते ते जाहिरातीला नसते. तो विश्वास शाळा भरलेली असतानाच तयार होतो आणि शाळा बंद असली की खर्ची पडत राहतो.

सक्तीने हे काम होत नाही, हे तर या शहराला १८९७ पासून माहीत असायला हवे. प्लेगच्या वेळी घरात घुसून झालेल्या तपासण्यांनी रँडसाहेबाबद्दल आणि त्याच्या बंदोबस्ताबद्दल जो संताप माजला तो इतिहास आपण शाळेत शिकवतो. आणि त्याच साथीत, त्याच वर्षी, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हेही शिकवतो. तरीसुद्धा ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयोगटाला कोव्हॅक्सिन मिळू लागल्यावर माझ्या परिचयातल्या एका खासगी शाळेने प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय वर्गात बसू देणार नाही, असा निरोप पालकांना धाडला होता. लस ऐच्छिक होती. कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी स्पष्टही केले. मी स्वतः लसीची कट्टर पुरस्कर्ती आहे आणि म्हणूनच या निरोपाचा मला राग आला, कारण कुंपणावर बसलेल्या दोन पालकांना त्या शाळेने विनाकारण पलीकडे ढकलले.

आता कोरोनाच्या चाचण्या फारशा कोणी करत नाही, त्यामुळे रोजच्या आकड्यांची चर्चाही संपली. साथीचा अंदाज घेण्याचे मार्ग मात्र बंद झालेले नाहीत. सांडपाण्यातून विषाणूचा माग काढण्याचे काम पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी केले आहे; नमुन्यांची जनुकीय तपासणी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि आयसर यांसारख्या संस्थांनी केली. ही माणसे आपल्याच गावात बसून काम करतात आणि आपण मात्र कोणा अनोळखी नंबरवरून आलेल्या संदेशावर भरवसा ठेवतो, हे कोडे मला सुटत नाही.

मला स्वतःला कोरोनाच्या नव्या उपप्रकारापेक्षा गोवराची काळजी अधिक वाटते. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या समूहात, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो आणि तो रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला, त्याचे एक मोठे कारण महासाथीच्या काळात चुकलेले डोस हे होते. टाळेबंदीच्या आगेमागे जन्मलेली मुले आता प्राथमिक शाळेत आहेत. त्यांचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व्हायला हवा होता, म्हणजे नेमका त्या काळात जेव्हा दवाखान्यात पाऊल टाकायलाच लोक घाबरत होते.

म्हणून या जूनच्या पालकसभेत मी पहिलीच्या पालकांना माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन यायला सांगितले होते. काही जणांनी कार्ड आणले, काहींनी त्याचा मोबाइलवर फोटो आणला, आणि काहींचे कार्ड घर बदलताना हरवले होते. वर्गशिक्षिकेने हजेरीपटात प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले, गोवर-रुबेला दुसरा डोस आणि पाचव्या वर्षाचा त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा, बूस्टर. जिथे रकाना रिकामा राहिला ती नावे तिने आशाताईंना दिली. धायरीहून येणाऱ्या एका वडिलांनी विचारले की मुलाला सहावे लागले आहे, आता उशीर झाला का. त्रिगुणी सातव्या वर्षापर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, त्यामुळे ती लगेच घ्या, असे त्यांना सांगितले. गोवर-रुबेलाची सरकारी कार्यक्रमातली मुदत पाच वर्षांची असल्याने ती आता बालरोगतज्ज्ञांकडे घ्यावी लागेल आणि तिचे पैसे पडतील, हेही सांगितले. त्यांनी दोन्ही गोष्टी कार्डाच्या मागे लिहून घेतल्या आणि धाकटीचे वय चार आहे, तिचे काय, असे लगेच विचारले. तिला अजून वर्षभराची मुदत आहे.