प्रोजेक्टर लावणारा माणूस बोर्डापुढे जातो तेव्हा (माझा अनुभव)

अठरा वर्षं आयटीत आहे, त्यातली शेवटची नऊ पुण्यातल्या एका वाहनकर्ज देणाऱ्या एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपनीत. बोर्ड मीटिंगला माझं काम काय, तर प्रोजेक्टर लागत नसला की पळत जायचं. मग नोव्हेंबर २०२३ मधे आरबीआयचं आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन (आयटीच्या कारभाराची नियमावली) आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू, आणि आमचा पसारा हजार कोटींच्या वरचा म्हणजे आरबीआयच्या वर्गवारीत मिडल लेयर, सुटका नाही.

आयटी स्ट्रॅटेजी कमिटी करायची, किमान तीन डायरेक्टर, दर तिमाहीला बैठक, अध्यक्ष स्वतंत्र डायरेक्टर हवा आणि त्याला आयटीतला किमान सात वर्षांचा अनुभव हवा. आमच्याकडे सीए दोन, वकील एक, आयटीवाला शून्य! तो शोधण्यातच घाम निघाला.

त्याहून जड गेलं सीआयएसओचं, म्हणजे माहिती-सुरक्षेच्या प्रमुखाचं. माझ्याच टीममधला, मीच तयार केलेला पोरगा, पण नियमच आहे की सीआयएसओ आयटी हेडच्या हाताखाली नको. खरं सांगतो, राग आला होता. पहिल्याच महिन्यात पठ्ठ्याने आमच्या सर्व्हरचे आठ महिने रखडलेले पॅच (सुरक्षेचे अपडेट) वर मांडले... माझ्याकडे असता तर मीच म्हणालो असतो, जाऊ दे रे, पुढच्या तिमाहीत बघू.

पहिल्या बैठकीला मी ४२ स्लाइड नेल्या, अपटाइम, फायरवॉल, सगळं. सहाव्या स्लाइडला एका ज्येष्ठ डायरेक्टरांनी थांबवलं, "ते राहू द्या हो, ५ तारखेला सिस्टीम चार तास बंद पडली तर किती हप्ते अडकतात?" ५ तारीख म्हणजे आमचा ईएमआयचा दिवस. मला सांगताच येईना, आकडा वसुलीवाल्यांकडे, आणि त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे पासवर्ड रिसेट करून देण्यापुरतं. मग तीन दिवस त्यांच्यात जाऊन बसलो, एकेका सिस्टीमपुढे रुपये लिहिले. पुढच्या बैठकीला पाचच स्लाइड.

डीआर ड्रिलचंही तेच, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला असं धरून पर्यायी सर्व्हरवर काम चालवून बघायची तालीम. पूर्वी रविवारी गुपचूप उरकायचो, रिपोर्ट हिरवागार. महत्त्वाच्या सिस्टीमची ड्रिल आता सहा महिन्यांतून एकदा तरी करावीच लागते, तर कमिटी म्हणाली कामाच्या दिवशी करा. केली. डेटाबेस वगैरे सगळं झकास चाललं, आणि अकरा वाजता एका शाखेतून फोन, "सर, पावत्या छापेनात." प्रिंटरमधे कुणीतरी जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता पाच वर्षांपूर्वी टाकून ठेवलेला.

टाकणारा मीच होतो.