लॉकयर यांच्या पत्रांची नोंदवही: 1868 सालचं काम हातावेगळं

हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या नॉर्मन लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या पत्रव्यवहाराचं वाचन बरंच पुढे सरकलं आहे. 1868 साली रॉयल सोसायटीच्या आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तांत छापून आलेली पत्रं नोंदवहीत चढवून झाली. रकाने नेहमीचेच: पत्र कुठून लिहिलं, कधी लिहिलं, कोणाला लिहिलं. या खेपेला त्यात एकाची भर घातली, ते पत्र सभेपुढे कधी आलं याची. या एका रकान्याने जेवढं दाखवलं तेवढं बाकीच्यांनी मिळून दाखवलं नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. लॉकयर यांचा जन्म 1836 चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. पोटापाण्याची नोकरी युद्ध खात्यात कारकुनाची, आणि सूर्याचा अभ्यास घरच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवर तांबूस झोत दिसतात, म्हणजेच प्रॉमिनन्स. हे झोत ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून (प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, फाकवून दाखवणाऱ्या उपकरणातून) सापडतील का, हा प्रश्न त्यांनी 1866 सालीच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. कल्पना फार सुंदर आहे. आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो, त्यामुळे वर्णपट जितका लांब ताणावा तितका तो फिका पडत जातो. झोत जर तापलेल्या वायूचे असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्या रेषांतच एकवटलेला असणार. त्या रेषा ताणल्याने फिक्या पडत नाहीत, आणि उजळ आकाशातूनही उठून दिसतात. त्यासाठी जास्त ताकदीचं उपकरण हवं होतं. अनुदान मिळालं, उपकरण मात्र लांबत गेलं. ते हाती आलं 16 ऑक्टोबर 1868 ला.

तोवर ग्रहण होऊन गेलं होतं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून देशात शिरली आणि दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणमकडे गेली. तिच्या वाटेवर कोण कुठे उभं होतं ते नोंदवहीत वेगळ्या पानावर घेतलं आहे. गुंटूरला फ्रान्सचे ज्यूल जान्सेन आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतर्फे मेजर टेनंट. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. विजापूरला कॅप्टन हेग. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. जमखंडीला त्या दिवशी ढगांनी फार छळलं. तरी फटीतून मिळालेल्या थोड्या वेळात हर्शेल यांनी तीन तेजस्वी रेषा टिपल्या: एक लाल, एक नारिंगी, एक निळी. सूर्याच्या वर्णपटातल्या ठळक काळ्या रेषांना सी, डी, एफ अशी अक्षरांची नावं आहेत, आणि डी ही सोडियमची जोडरेषा. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमच्या या डी रेषेच्या जागी धरली. टेनंट यांनीही ती डीच मानली.

आता लॉकयर यांचं पत्र. तारीख 20 ऑक्टोबर 1868, रॉयल सोसायटीच्या चिटणीसांच्या नावे, मजकूर अगदी थोडका. अनेक अपयशांनंतर आज सकाळी प्रॉमिनन्सच्या वर्णपटाचा काही भाग दिसला, असं सांगून ते तीन रेषांच्या जागा देतात. पहिली तंतोतंत सी रेषेवर, दुसरी जवळजवळ एफ रेषेवर, तिसरी डीच्या शेजारी. तिसरीबद्दल ते पुढे आकडाच देतात: डीच्या जोडीतल्या निळ्या बाजूच्या रेषेपासून आणखी निळ्याकडे, किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने सूर्याच्या वर्णपटाच्या नकाशासाठी आखलेल्या मोजपट्टीवर आठ-नऊ अंश.

या आकड्यावर मी बराच रेंगाळलो, कारण तो आजच्या मापात बसवून बघता येतो. किरखॉफच्या पट्टीवर डीच्या दोन रेषा 1002.8 आणि 1006.8 वर आहेत, म्हणजे चार अंशांचं अंतर. त्यांच्या तरंगलांबी 589.59 आणि 589.00 नॅनोमीटर. म्हणजे या भागात एक अंश साधारण 0.15 नॅनोमीटरचा. आठ अंश धरले तर तिसरी रेषा 587.8 च्या आसपास येते, नऊ धरले तर 587.7 च्या जवळ. हेलियमच्या पिवळ्या रेषेची आज मान्य असलेली जागा 587.56 आहे. उपकरण हाती येऊन चारच दिवस झालेले असताना डोळ्याने केलेलं हे मोजमाप आहे! ग्रहणात मिनिटभर दिसलेल्या रेषेला सोडियम म्हणणं सहज शक्य होतं. सकाळभर निवांत बघता आल्यावर ती सोडियमच्या जागी बसत नाही हे कळलं. ग्रहणाशिवाय बघण्याच्या युक्तीचा खरा लाभ मला इथे दिसतो. उत्साही मंडळींनी हे गणित स्वतः करून बघावं, कागद-पेन्सिल पुरे.

पुढचा भाग टपालाचा. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, 19 ऑगस्टला, जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणाशिवाय झोत बघणं साधलं होतं, तेही लॉकयर यांच्या कामाशी संबंध नसताना. पुढचे कित्येक दिवस ते बघत राहिले आणि अकादमीला पत्र लिहिलं ते काकीनाड्याहून, 19 सप्टेंबरला. सुएझ कालवा खुला झाला तो पुढच्या वर्षी, 1869 च्या नोव्हेंबरात. त्यामुळे टपाल सुएझला उतरायचं, रेल्वेने अलेक्झांड्रियाला जायचं आणि तिथून पुन्हा जहाजाने युरोपात. लॉकयर यांचा शोध वॉरेन डी ला रू या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञामार्फत पॅरिसला पोचला. दोन्ही पत्रं अकादमीपुढे आली एकाच सभेत, 26 ऑक्टोबर 1868 ला.

दोन्ही पत्रं काही मिनिटांच्या फरकाने पोचली, असा हा योगायोग चमत्कार म्हणून सांगितला जातो. नव्या रकान्यात तारीख लिहिताना मी वारही काढला, तर 26 ऑक्टोबर हा सोमवार निघाला. अकादमीची सभा दर सोमवारीच भरत असे. 20 ऑक्टोबर मंगळवार होता. म्हणजे त्या आठवड्यात पॅरिसला जे जे पोचलं असतं ते याच सभेत यायचं. योगायोग आहेच, पण तो काही मिनिटांचा नसून एका आठवड्याचा आहे. मला तर तो असाच जास्त आवडतो, कारण त्यामागे माणसांची कामाची रीत दिसते. अकादमीने पुढे 1872 साली दोघांचे चेहरे एकत्र कोरून पदक काढलं. त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. (जान्सेन यांची एक हकिगत राहवत नाही म्हणून सांगतो. 1870 च्या डिसेंबरात पॅरिसला वेढा पडलेला असताना ते ग्रहण गाठायला फुग्यातून शहराबाहेर पडले. अल्जीरियात ओरानला पोचले, आणि ग्रहणाच्या दिवशी ढग आले.)

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. लॉकयर यांनी 1868 साली या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. ‘कुठून लिहिलं’ हा रकाना इथे निकाल देतो: त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्येच होते, आणि त्यांचा शोध लागला तो लंडनहून, ग्रहण होऊन बरोबर नऊ आठवड्यांनी. ते विजयदुर्गावर आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. कोणी कोणत्या कॅमेऱ्यापाशी उभं राहायचं, फोटोची काच कधी बदलायची, याच्या तालमी किल्ल्यावर झाल्या. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती.

किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे या मोहिमेशी जोडून बघितले तर विजयदुर्गाचा मान तसूभरही कमी होत नाही, असं मी मनापासून म्हणेन. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती. 1895 च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झे यांना तो क्लेव्हाइट या खनिजातून मिळाला, आणि त्याची वाटही एका पत्रातूनच निघाली: ब्रिटिश म्युझियमच्या हेन्री मायर्स यांनी त्यांना या खनिजातून निघणाऱ्या वायूची आठवण करून दिली होती. म्हणजे 1898 साली विजयदुर्गावर आलेला माणूस, ती तिसरी रेषा नव्या मूलद्रव्याची आहे या म्हणण्यावर जवळपास पाव शतक टीका सोसून, शेवटी खरा ठरलेला होता. किल्ल्यावरच्या फलकावर हे लिहिलं जावं.

त्याच 1898 च्या ग्रहणाला आपल्याकडे मोठी गर्दी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ होता. वऱ्हाडातल्या तळणीहून ॲनी माँडर यांनी छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा, म्हणजे खग्रास वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, एक लांबच लांब झोत टिपला.

नायगमवालांचं पान आता उघडलं आहे, आणि पुढचं काम तेच. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मुख्य हिरव्या रेषेवरून त्या काळी वाद पेटला होता. लॉकयर तिचा संबंध मॅग्नेशियमशी लावत. त्यांचं म्हणणं खरं असतं तर रेषेची एक कड विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्याहून ती मोठ्या ताकदीच्या वर्णपटदर्शकातून बघितली आणि 1891 साली कळवलं की रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. पुण्यातल्या प्राध्यापकाने लॉकयर यांच्याविरुद्ध जाणारं निरीक्षण लंडनला धाडलं आणि ते छापलं गेलं. या वादातली पत्रं तारखांनुसार लावायला घेतली आहेत. विजयदुर्गाच्या कट्ट्यांची लांबी-रुंदी आणि दिशा कोणी मोजून ठेवली असेल तर ती मला हवी आहे. 1898 च्या अहवालातल्या उपकरणांच्या मांडणीशी ती ताडून बघायची आहे.