घराच्या वाटेवरचा टोल

कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचा विषय निघाला की बहुतेकांना जानेवारी 2014 मध्ये पेटलेले नाके आठवतात. मला मात्र त्याआधीची वर्षे अधिक आठवतात. शहरातले रस्ते तेव्हा रुंद होत होते, आणि त्या कामाचे पैसे कोण, किती वर्षे आणि कशाच्या बदल्यात फेडणार आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावरचा होता. महानगरपालिका, रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी यांच्यात करार झाला. सुमारे 220 कोटी रुपयांत शहरांतर्गत रस्ते करायचे आणि त्या बदल्यात कंपनीने 30 वर्षे टोल घ्यायचा, शिवाय टेंबलाईवाडीचा मोठा भूखंडही तिला मिळायचा. महापालिकेकडे पैसा नव्हता, हे खरेच आहे. खासगी भांडवलाला माझा सरसकट विरोध नाही. पण महामार्गाला लावलेला हिशेब शहराला जसाच्या तसा लावला गेला, आणि मूळ चूक तिथेच झाली असे मला वाटते. महामार्गावरचा प्रवासी अधूनमधून जातो, त्याला बहुधा जुना रस्ताही उपलब्ध असतो; शिरोली, उचगाव किंवा फुलेवाडीकडून रोज कामासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी शहरात येणाऱ्या माणसाला दुसरी वाट कोणती? स्वतःच्या गावात शिरण्यासाठी एक पिढीभर पैसे मोजण्याची अट त्याच्या वतीने मान्य करताना त्याला कुणी विचारले नव्हते.

ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, तेव्हा कितीतरी ठिकाणी पदपथ आणि गटारे अपुरी होती. काम पुरे झाले हे ठरवण्याचा अधिकार कागदोपत्री यंत्रणांचा. पण पदपथाअभावी डांबरावरून, वाहनांच्या मधून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या पूर्णत्वाच्या दाखल्याचा काय उपयोग? शहर राहण्याजोगे आहे की नाही, हे मोटारीच्या वेगापेक्षा त्याच्या चालण्यावरून ठरते, आणि करारात त्याची गणती सर्वांत शेवटी होते.

एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांनी सर्वपक्षीय कृती समितीच्या माध्यमातून हा प्रश्न लावून धरला, म्हणून तो केवळ संतापापुरता उरला नाही. कामाच्या फेरमूल्यांकनाची मागणी, म्हणजे रस्त्यांची खरी किंमत किती हा प्रश्न, त्यातूनच पुढे आला. तो करारावर सही होण्याआधी, महापालिकेच्या सभागृहात आणि प्रत्येक प्रभागात, मराठीतला मसुदा लोकांसमोर ठेवून विचारला जायला हवा होता.

डिसेंबर 2015 मध्ये शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. आम्ही आनंद साजरा केला आणि तो रास्तही होता. मात्र कंपनीच्या भरपाईचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. ज्याने कोल्हापूरचा रस्ता कधी पाहिलेला नाही, अशा गडचिरोलीच्या करदात्याचाही त्यात वाटा आहे, आणि त्यालाही कुणी विचारले नव्हते.