उबंटूचा डॉक आणि हट्टी आयकॉन : माझा अनुभव

डॉक म्हणजे पडद्याच्या कडेची ॲपच्या आयकॉनची पट्टी. तिची जागा, उंची आणि रंग अर्ध्या तासात मनासारखे झाले. बाकीचा सगळा वेळ आयकॉननी खाल्ला, आणि तेही जेमतेम चार-पाच आयकॉननी. मशीनवर उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम आहे, म्हणजे तिचा डेस्कटॉप ग्नोम ४६.

सोपं ते आधी. सेटिंग्जमध्ये 'उबंटू डेस्कटॉप' उघडलं की डॉकचे पर्याय दिसतात. 'पॅनल मोड' बंद केला की वरपासून खालपर्यंत पसरलेली पट्टी आखडून आयकॉनपुरती होते. आयकॉनचा आकार १६ ते ६४ पर्यंत सरकवता येतो. मी ४० वर थांबलो. डॉक डावीकडेच राहू दिला, कारण आडव्या पडद्यावर रुंदी मुबलक असते, चणचण असते ती उंचीची. कचरापेटी आणि जोडलेल्या ड्राइव्हची चित्रं तिथल्याच 'कॉन्फिगर डॉक बिहेवियर'मधून काढून टाकली.

यापलीकडचं काही सेटिंग्जमध्ये सापडत नाही. त्यासाठी 'डीकॉन्फ एडिटर' हा आतल्या नोंदी बदलायचा एडिटर इन्स्टॉल केला. उबंटूचा डॉक मुळात 'डॅश टू डॉक' या एक्स्टेन्शनपासून (ग्नोमला जोडायच्या पुरवणीपासून) फुटलेली शाखा आहे, त्यामुळे त्याच्या नोंदी त्याच नावाखाली मिळतात: ऑर्ग, मग ग्नोम, शेल, एक्स्टेन्शन्स आणि शेवटी डॅश-टू-डॉक. कुठलीही नोंद बदलताना आधी 'यूज डिफॉल्ट व्हॅल्यू' बंद करायचं, नवी किंमत भरायची आणि खालच्या पट्टीतली बरोबरची खूण दाबायची. ही खूण विसरली की बदल लागूच होत नाही.

पहिला चकवा पारदर्शकतेचा. 'बॅकग्राउंड-ओपॅसिटी' ०.८ वरून ०.४ केली, ०.१ केली, तरी डॉक ढिम्म. ती किंमत वाचली जाते ती 'ट्रान्स्परन्सी-मोड' ही शेजारची नोंद 'फिक्स्ड' असेल तेव्हाच. ती बदलताक्षणी डॉक जवळपास गायब झाला, मग ०.५ वर आणला. 'क्लिक-ॲक्शन'ला 'मिनिमाइझ' दिलं की उघड्या ॲपच्या आयकॉनवर क्लिक केल्यावर खिडकी खाली जाते. हे मुळातच असायला हवं होतं असं माझं मत. 'आयकॉन-साइझ-फिक्स्ड' बंद असेल तर ॲप वाढत जातील तसे सगळे आयकॉन बारीक होतात. ती चालू केली की आकार कायम राहतो आणि न मावणारे आयकॉन स्क्रोल करून बघावे लागतात. मूळ 'डॅश टू डॉक' वेगळं टाकण्याचा मोह टाळला. दोघांच्या नोंदी एकाच ठिकाणी असल्यामुळे एकात केलेला बदल दुसऱ्यालाही लागतो.

आता आयकॉन. थीम म्हणून 'पॅपिरस' घेतली. ती उबंटूच्या पॅकेजमध्येच आहे. निवडायची 'ट्वीक्स' या ॲपमधल्या 'अपिअरन्स'मधून. बाहेरून उतरवलेली थीम होम फोल्डरातल्या 'डॉट आयकॉन्स' या लपलेल्या फोल्डरात टाकावी लागते. फाइल्समध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेलं सगळं दिसतं. थीम टाकूनही ट्वीक्सच्या यादीत आली नाही, तर आधी तिच्या फोल्डरात डोकवायचं. 'इंडेक्स डॉट थीम' ही फाइल थेट तिथेच हवी. झिप उघडताना फोल्डरात फोल्डर झाला असेल तर ती एक पायरी खाली जाते आणि थीम ओळखलीच जात नाही. अर्धेच आयकॉन बदलले असतील तर संशय घ्यायचा तो तुटलेल्या लिंकांचा. मोठ्या थीममध्ये शेकडो नावं एकाच चित्राकडे लिंकने वळवलेली असतात, आणि फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर अशा लिंका टिकत नाहीत. थीम नेहमी आपल्या डिस्कवरच उघडावी.

थीममध्ये स्वतःचं एखादं चित्र घुसवलं तर आणखी एक गंमत होते: चित्र जागेवर असतं, पण दिसत नाही. थीमची एक कॅशे फाइल, म्हणजे चित्रांची आधीच तयार केलेली यादी, असते. ती शिळी झाली का, हे थीमच्या सर्वांत वरच्या फोल्डरची वेळ बघून ठरतं. आपण चित्र टाकतो आतल्या उपफोल्डरात, वरच्याची वेळ बदलत नाही, आणि कॅशे स्वतःला ताजीच समजते. 'जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅशे' ही कमांड थीमच्या फोल्डरावर चालवली की प्रश्न मिटतो.

थीम लावल्यावर बहुतेक सगळे आयकॉन बदलले, काही मात्र जुनेच राहिले. याचं कारण प्रत्येक ॲपच्या डेस्कटॉप फाइलमध्ये (ॲपचं नाव, आयकॉन आणि चालवायची कमांड नोंदवणाऱ्या छोट्या फाइलमध्ये) असतं. तिच्यात 'आयकॉन' नावाची एक ओळ असते. त्या ओळीत नुसतं नाव असेल तर ते आधी चालू थीममध्ये शोधलं जातं, मग थीमने सांगितलेल्या पालक थीममध्ये आणि शेवटी 'हायकलर' या सगळ्यांच्या सामाईक राखीव थीममध्ये. नावाऐवजी चित्राचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर थीमला कोणी विचारतच नाही. स्नॅप या उबंटूच्या पॅकेज पद्धतीतून आलेल्या ॲपचं बहुधा हेच होतं.

उपाय असा. मूळ डेस्कटॉप फाइलची प्रत काढून ती होम फोल्डरातल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' या वाटेवर ठेवायची. फाइलचं नाव तेच हवं, अक्षरही बदलायचं नाही. बदललं तर ॲपच्या यादीत एकाच ॲपचे दोन आयकॉन दिसू लागतात. मूळ फाइलमध्ये हात घालायचा नाही, कारण पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. प्रतीत 'आयकॉन' ओळीतला पत्ता काढून नाव लिहायचं, तेही शेवटचं डॉट-पीएनजी न लावता. पत्ताच द्यायचा असेल तर मुळापासून पूर्ण द्यावा, होमसाठीची नागमोडी खूण इथे चालत नाही. स्नॅपचा जुना पत्ता प्रतीत तसाच ठेवणं धोक्याचं: त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो, दोन-तीन अपडेटनंतर ती आवृत्ती डिस्कवरून जाते आणि आयकॉनही तिच्याबरोबर.

स्वतः काढलेलं चित्र असेल तर एसव्हीजी उत्तम. पीएनजी असेल तर २५६ बाय २५६, पार्श्वभूमी पारदर्शक, आणि चारही बाजूंना सुमारे २० पिक्सेल मोकळे. मी आधी चित्र कडेला टेकवलं होतं. ४० च्या आकारातही ते शेजाऱ्यांपेक्षा थोराड दिसत होतं. चित्र 'हायकलर'मध्ये टाकलं आणि त्याचं नाव थीममध्ये नसलेलं असं वेगळंच ठेवलं, कारण 'हायकलर'चा नंबर शेवटचा आणि त्याच नावाचं चित्र थीममध्ये असेल तर थीमचंच जिंकतं.

सर्वांत चिवट निघालं ते दातेरी चाक. डॉकमध्ये पिन केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की तो तसाच राहायचा आणि खाली दातेरी चाकाचा नवाच आयकॉन उगवायचा. त्यावर राइट क्लिक केलं तर पिन करायचा पर्यायही नाही. म्हणजे उघडलेली खिडकी कुठल्या डेस्कटॉप फाइलची, हे ग्नोमला जुळवता आलेलं नाही. नुसती उतरवून चालवलेली ॲपइमेज (एकाच फाइलमधलं, इन्स्टॉल न करता चालणारं ॲप) असेल तर अशी फाइलच नसते, ती हाताने लिहावी लागते. फाइल असूनही चाक येत असेल तर ऑल्ट-एफ२ दाबून 'एलजी' ही दोन इंग्रजी अक्षरं टाकायची, एंटर करायचं आणि 'विंडोज' हा टॅब उघडायचा. तिथे प्रत्येक खिडकीसमोर 'डब्ल्यूएमक्लास', म्हणजे खिडकीचं ओळखनाव, लिहिलेला असतो. तो जसाच्या तसा, लहान-मोठ्या लिपीसकट, डेस्कटॉप फाइलमध्ये 'स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास' (StartupWMClass, मध्ये जोडरेघ नाही) या ओळीत भरायचा. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं की खिडकी आपल्या आयकॉनखाली येते. तरीही न आल्यास लॉग आउट करावं. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेवर) ग्नोम शेल तेवढंच रिस्टार्ट करण्याची सोय नाही.

या प्रतींची एक अडचण लक्षात ठेवावी लागते. मूळ फाइलमधली, ॲप चालवायची कमांड देणारी 'एक्झेक' ओळ अपडेटने बदलली तरी आपल्या प्रतीत जुनीच राहते, आणि एखाद्या दिवशी आयकॉनवर क्लिक करून काहीच होत नाही. अशा वेळी ॲप पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी प्रत बाजूला काढून बघावी.