एक सूत कमी

इंग्लंडात शेफील्डमधल्या आमच्या घराला मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, एकच जुनी लाकडी खिडकी उरली आहे. बाकीच्या खिडक्या आधीच्या मालकांनी प्लास्टिकच्या चौकटीच्या आणि दुहेरी काचेच्या करून घेतल्या होत्या. ही कशी वाचली ते कळलं नाही. घर बघायला आलो तेव्हा मी त्याच खिडकीपाशी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. काच किंचित लाटांची, बाहेरचं झाड तिच्यातून हलल्यासारखं दिसायचं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवरची तावदानं तशीच आहेत.

जानेवारीतल्या एका सकाळी पडदा सारला, तर खालच्या तावदानाला तडा गेलेला. बाहेर गवतावर पांढरं दहिवर, आत खिडकीखाली रेडिएटर तापलेला. दगड नाही, चेंडू नाही, रात्री कसला आवाजही नाही. मी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल काचेजवळ धरला.

माझे वडील, आबा, उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत ओतकामासाठी जो लाकडी नमुना लागतो, तो करणारे. त्यांनी आधी विचारलं, "तडा कुठनं निघालाय ते बघ. मधनं का कडंनं?"

कडेनं निघाला होता. खालच्या कडेपासून बोटभर अगदी काटकोनात सरळ वर, आणि मग वळणं घेत कोपऱ्याकडे.

"मग कुणी मारलेलं नाही. तापून तडकलीय. कास्टिंग एकीकडं गरम आणि एकीकडं गार झालं की असंच फाटतं."

त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. काचेचा मधला भाग तापतो आणि फुगू पाहतो, चौकटीत दडलेली कड मात्र गार राहते. तो ताण कडेवर येतो आणि कडेला बारीकसा टवका असला की तिथून तडा सुटतो. आपटून फुटलेली काच वेगळी दिसते. तिच्यात माराच्या जागेपासून चहूकडे रेघा पसरतात, चांदणीसारख्या. माझ्या खिडकीला खाली रेडिएटर होता आणि जाड पडदा काचेला चिकटून होता. त्यामुळे उष्णता तिथेच कोंडली. आता पडदा वीतभर आत लावलाय.

काचेचा तडा सांधत नाही, हे आधीच सांगते. पारदर्शक चिकटपट्टी कोरड्या काचेवर दोन्ही बाजूंनी लावली, तर तुकडे जागेवर राहतात आणि चार-आठ दिवस निघतात. पण तेवढंच. एकेरी काच बदलावीच लागते. दुहेरी काचेच्या खिडकीत तर एक काच बदलून चालत नाही. दोन काचांच्या मधली जागा हवाबंद असते, म्हणून आख्खा संचच नवा बसवतात. दोन काचांच्या मध्ये, जिथे फडकं पोचत नाही तिथे दव दिसायला लागलं, तर कड उसवली असं समजायचं.

इथे काच बसवणाऱ्या माणसाला बोलवायचं तर दिवस ठरवून यायचा, आणि तो येण्याजाण्याचेच पैसे वेगळे लावतो. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या हातानं कर, मी बघत उभा राहतो. दोन शनिवार ते माझ्या शेजारी थंडीत उभे होते.

पहिला शनिवार नुसता जुनं काढण्यात गेला. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खाली जुनी चादर. फुटक्या काचेवर आधी चिकटपट्टीच्या पट्ट्या मारल्या आणि तुकडे वरून खाली काढत आणले. खालून सुरुवात केली तर वरचा तुकडा सुरीसारखा मनगटावर येतो. काचेभोवतीची जुनी लांबी दगडासारखी झाली होती. (लांबी म्हणजे पुट्टी. आपल्याकडे सुतार आणि रंगारी अजून लांबीच म्हणतात.) ती पटाशीनं थोडी थोडी उडवायची, लाकडाला न दुखवता. मला घाई झाली होती. गरम हवेच्या बंदुकीनं ती लवकर मऊ होते असं वाचलं होतं, पण शेजारच्या सुतार आजोबांनी हात धरला. त्या झोतानं शेजारची चांगली काच तडकते, आणि एवढ्या जुन्या घराच्या रंगात शिसं असू शकतं, त्याची वाफ आणि धूळ दोन्ही वाईट. म्हणून रंग ओला करून खरवडला. लांबीच्या खाली काच धरून ठेवणारे बिनडोक्याचे बारीक खिळे निघाले. आपल्याकडे ज्यांना चुका म्हणतात, तसेच.

मग माप घेतलं आणि तिथेच चुकले. चौकटीची खाच मी टेपनं अगदी काटेकोर मोजली, तेवढ्याच मापाची काच आणली. ती वरून बसली, खालून बसेना. जरा दाबली आणि कोपरा कट्कन गेला. त्या आवाजानं मला रडू आलं. रात्री आबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "एक सूत कमी घेतलंवतंस का?"

नव्हतं घेतलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत: खाचेच्या मापातून तीन मिलिमीटर वजा कर. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. लाकूड पाणी पितं, फुगतं, घर बसतं, चौकट तिरकी होते. काचेला मात्र हलता येत नाही. म्हणून तिच्या चारी बाजूंना दीड-दीड मिलिमीटर मोकळं ठेवायचं. आबांच्या धंद्यात हाच हिशोब उलटा असायचा. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करायचा. उद्यमनगरातला पॅटर्नमेकर आणि यॉर्कशरचा सुतार, एकमेकांची भाषा न कळणारे, मला एका दिवसाच्या अंतरानं एकच आकडा सांगत होते. परदेशात आल्यापासून इतकं आपलं असं काही मला क्वचित वाटलंय.

दुसऱ्यांदा रुंदी तीन ठिकाणी मोजली, उंची तीन ठिकाणी, प्रत्येकीतलं सगळ्यात लहान माप धरलं, कर्ण ताडून बघितले आणि मग एक सूत कमी केलं. काच बसली.

नवी काच सपाट आहे, लाटा नाहीत. सेंट हेलेन्स हे गाव शेफील्डपासून फार लांब नाही. तिथल्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट काच करायची रीत 1959 मध्ये जाहीर केली. आज शेफील्डात काय आणि कोल्हापुरात काय, दुकानात मिळते ती बहुतेक त्याच रीतीची. म्हणूनच ज्या खिडकीत अजून लाटांची जुनी काच धडधाकट आहे, ती विनाकारण काढू नका. ती पुन्हा सहज मिळणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण यंदाची दिवाळी. घरी आले, माडीवर गेले, तर पश्चिमेच्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं. गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल. आपल्या पेठांत चेंडू म्हणजे फुटबॉलच, त्यामुळे नवल नाही. ही खरीखुरी चांदणी होती. आईनं वर्तमानपत्राचा कागद आणि चिकटपट्टी लावून पाऊस काढला होता. दादानं एव्हाना माणूस बोलावून माप देऊन टाकलं होतं, सगळी खिडकीच काढून अॅल्युमिनियमचं स्लायडिंग टाकायचं.

"कशाला त्या लाकडाच्या मागं लागायचं? पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात वाजतंय."

मी म्हटलं, "दादा, मला दोन दिवस दे."

सागवानाची चौकट आहे ती. पन्नास-साठ पावसाळे सोसलेत तिनं, आणि कुठे कीड नाही. एक तावदान फुटलं म्हणून तिला भंगारात घालायचं हे मला सहन झालं नाही. पेठेत हिंडताना बघा, एकेका वाड्याच्या दर्शनी भागातून अशा खिडक्या निघतायत आणि त्यांच्या जागी सगळीकडे एकसारखी चौकट येतेय. स्लायडिंगला माझा विरोध नाही, नव्या इमारतीत ते सोयीचं आहे. पण लाकडी खिडकीची गोष्ट अशी की तिचा प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त होतो. फक्त ते येणारा माणूस घरात हवा.

लक्ष्मीपुरीत काच आणायला गेले. दुकानदार काकांनी विचारलं, "ताई, सूतात सांगताय का एमएममध्ये?" मी दोन्हींत सांगितलं. त्यांनी काच टेबलावर ठेवली, काच कापायचा हिरा तेलात बुडवून पट्टीला लावून एकदाच ओढला, खर्र असा एकसारखा आवाज, आणि टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी मोडली. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरा फिरवला की काच वेडीवाकडी तुटते, हे मी शेफील्डमध्ये शिकले होते. काकांचा हात बघून ते आता पटलं. चार एमएमची घेतली. एका चौरस मीटरला दहा किलो वजन भरतं, म्हणून मोठ्या खिडकीला एकट्यानं हात घालू नये. न्हाणीघराचं दार, गच्चीचं दार, जमिनीलगतची खिडकी असेल, तर साधी काच नकोच. तिथे टफन काच हवी, फुटली तर तिचे दाणे होतात. इंग्लंडात जमिनीपासून 800 मिलिमीटरच्या आतल्या खिडकीला आणि दारात 1500 मिलिमीटरपर्यंत सुरक्षित काच नियमानंच लागते. टफन काच नंतर कापता येत नाही, माप देऊनच करून घ्यावी लागते. तिथे ते एक सूत विसरलात तर सगळे पैसे वाया.

लांबी आबांनी घरीच केली. खडूची भुकटी आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. परातीत घेतलं आणि कणकेसारखं मळत बसले. हाताला चिकटायचं थांबलं की झाली. वास सगळ्या माडीभर. आईनं मात्र ती परात परत स्वयंपाकघरात घेतली नाही.

खाचेच्या कोरड्या लाकडाला आधी प्रायमरचा हात दिला, कारण उघडं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि मग ती भेगाळते. खाचेत लांबीची बारीक वळी बसवली, तिच्यावर काच टेकवली आणि कडेकडेनं दाबली. मध्यावर कधीच दाबायचं नाही. आतल्या बाजूनं लांबी बाहेर फुगून आली म्हणजे काच लाकडाला कुठेच टेकलेली नाही, लांबीच्या गादीवर बसली आहे. मग चुका ठोकायच्या. हातोडी काचेवर आडवी ठेवून घासत न्यायची, उचलून मारायची नाही. हे काम आबांनी केलं. पंच्याहत्तरी झालीय, बोटं थरथरतात, पण हातोडी हातात आल्यावर थरथर गेली. मी बाजूला उभी राहून बघत होते, जशी शेफील्डचे आजोबा मला बघत होते.

बाहेरून उतरती लांबी मी दिली. पातं एकाच ओढीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्यायचं, म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आम्ही ती पाण्यात बुडवून मग टाकली. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलं आणि घंटागाडीवाल्या ताईंच्या हातात सांगून दिली.

दादा संध्याकाळी वर आला. बराच वेळ खिडकी उघडझाक करत राहिला. खाली जाऊन त्यानं स्लायडिंगवाल्याला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात येऊ नका म्हणाला.

लांबीवर साय धरल्याशिवाय रंग देता येत नाही, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. माझं विमान त्याआधीच होतं. मग आबांचा फोन आला: अंगठा दाबून बघितला, आता उमटत नाही, रंग देऊ का? मी म्हटलं, द्या, पण रंग लांबीवर थांबवू नका, काचेवर दोन मिलिमीटर येऊ द्या.

मागून आईचा आवाज आला, "काचेवर सांडलेला रंग मी ब्लेडनं काढून टाकते गं, काळजी नको."

"आई, तेवढी रेघ राहू दे. पाणी तीच अडवते."