मॅप काढताना: आयसीयूतला माझा अनुभव

आयसीयूच्या दारात नातेवाईकांचा बीपीबद्दल ठरलेला प्रश्न असतो, "सिस्टर, वरचं किती आहे?" वरचं शंभर ऐकलं की ते निर्धास्त होतात. मी मात्र आधी मॉनिटरवरचा कंसातला आकडा बघते. तो मॅप, म्हणजे धमनीतला सरासरी दाब. किडनीला, मेंदूला रक्त नीट पोचेल का, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

सेप्सिसचे, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेले दोन पेशंट घ्या. एकाचं बीपी ९०/६०, दुसऱ्याचं १००/४५. मॅप काढायला वरच्यातून खालचं वजा करायचं, उरलेल्याचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळवायचा. पहिल्याचा फरक ३०, तिसरा हिस्सा १०, मॅप ७०. दुसऱ्याचा फरक ५५, तिसरा हिस्सा १८, मॅप ६३. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळतं तेव्हा, मॅप निदान ६५ ठेवायचा असतो, म्हणजे शंभरवाल्याकडे आधी धावायचं. नवीन मुली दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मं करतात. तसं केलं की दुसऱ्याचा मॅप ७२ च्या वर येतो आणि सगळं ठीक वाटतं! एका ठोक्यातला जवळपास दोन तृतीयांश वेळ हृदय सैल पडलेलं असतं आणि खालचा आकडा त्या वेळचा, म्हणून त्याचं वजन दुप्पट. ठोके १४० वर गेले की ही सैल वेळ आखडते आणि खरा मॅप सूत्रापेक्षा थोडा जास्त असतो.

कफवालं, म्हणजे दंडाला पट्टा बांधायचं मशीन दाबाची थरथर टिपतं. थरथर सर्वात मोठी होते तिथे मॅप. वरचं-खालचं ते त्यावरून हिशेबाने काढतं. म्हणून कंसातला आकडा आणि सूत्राचं उत्तर यांत दोन-चारचा फरक आला तर मी मशीनचा आकडा धरते. ठोके अनियमित असतील तर मात्र एका रीडिंगवर जात नाही, तीन घेते.

कफचं तंत्र सांभाळावं लागतं. सातपुड्याकडून, धडगाव-अक्कलकुव्याहून येणारे कितीतरी पेशंट हाडकुळे. दंडाचा घेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर लहान कफच हवा. मोठा बांधला की बीपी खोटं कमी येतं, जाड दंडाला लहान बांधला की खोटं जास्त. हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा. दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर सात-आठ मिलिमीटर फुकटचे वाढतात.

आर्टरी लाइनलाही, म्हणजे थेट धमनीत घातलेल्या नळीलाही तेच. ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, चौथ्या बरगडीखालच्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेला धरून झिरो करायचा, आणि पलंग वरखाली केला की पुन्हा पातळी जुळवायची. लाइनमध्ये बुडबुडा किंवा गुठळी अडकली की मॉनिटरवरची लाट चपटी होते, वरचं घसरतं, खालचं चढतं, मॅप बराचसा जागेवर राहतो. तेव्हा नॉरअॅड्रिनॅलिनचा, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप वाढवण्याआधी नळी फ्लश करून लाट बघायची.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडून ऊन लागलेले पेशंट येतात, तेव्हा रक्तवाहिन्या सैल पडून खालचं ४० पर्यंतही उतरतं. तिथे वरच्या आकड्यावर विसंबणं महागात पडतं. दर तासाच्या लघवीचं माप मी मॅपच्या शेजारीच लिहिते; मॅप ६५ असून किलोमागे अर्धा मिलीही होत नसेल, तर डॉक्टरांना लगेच कळवते. जुना हाय बीपीचा पेशंट असेल तर डॉक्टर मॅपचं लक्ष्य ६५ च्या वर नेतात.