राखाडी समुद्राला निळा रंग कशाला दिला?

गेल्या आठवड्यात भाच्याला 'द लाँगेस्ट डे' दाखवायला बसलो. चौदा वर्षांचा आहे, दुसऱ्या महायुद्धाचं वेड आहे, रणगाड्यांची मॉडेल्स जोडत बसतो तासन्‌तास, त्यामुळे मला वाटलं तीन तासांचा पिक्चर असला तरी हा सहज बसेल. सुरुवातीला किनाऱ्यावर उलटं पडलेलं ते हेल्मेट दिसलं आणि लगेच प्रश्न आला, "मामा, हा कलरमध्ये नाहीये का?"

आता गंमत अशी की माझ्याकडे खरंच तो कलरमध्येही होता. 1994 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीला 50 वर्षं झाली तेव्हा या पिक्चरची रंगवलेली व्हिडिओ कॅसेट निघाली होती, त्या कॅसेटवरून उतरवलेली प्रत एका मित्राने मला फार पूर्वी दिली होती आणि मी ती कधी उघडलीच नव्हती. हट्टाने उघडली नव्हती. पण पोराने इतक्या आशेने विचारलं की म्हटलं ठीक आहे, लावू, आपण न बघताच नावं ठेवतोय हेही बरोबर नाही. मग तीन तास बसून पूर्ण बघितला, आणि दोन दिवसांनी मूळचा ब्लॅक अँड व्हाईट एकट्याने परत बघितला, काही सीन तर आलटून पालटून चार चार वेळा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 6 जून 1944, डी-डे, दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या तो एक दिवस, कॉर्नेलियस रायनच्या पुस्तकावरून. डॅरिल झॅनक निर्माता, पिक्चर आला 1962 मध्ये. ब्रिटिश, अमेरिकन आणि जर्मन बाजूंसाठी केन अ‍ॅनाकिन, अँड्र्यू मार्टन आणि बर्नहार्ड विकी असे तीन वेगळे दिग्दर्शक, आणि जर्मन माणसं जर्मनच बोलतात, फ्रेंच माणसं फ्रेंच, खाली सबटायटल्स. त्या काळात हे धाडसच होतं. जॉन वेन, हेन्री फोंडा, रिचर्ड बर्टन, शॉन कॉनरी, सगळे स्टार भरलेले असूनही कोणी एक हिरो नाही. रिचर्ड टॉडने यात मेजर हॉवर्डचं काम केलंय, ज्यांच्या तुकडीने ग्लायडरमधून उतरून पेगासस पूल घेतला, आणि टॉड स्वतः त्या दिवशी पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारा सैनिक, म्हणून खरंच तिथे होता! मला हे कळल्यापासून त्याचा चेहरा पडद्यावर आला की मी जरा सरसावून बसतो.

मुद्दा हा की 1962 मध्ये हा पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट असण्याचं काहीच कारण नव्हतं. पैसे नव्हते असं नाही, त्याच वेळी हा पिक्चर काढणारा तोच फॉक्स स्टुडिओ 'क्लिओपात्रा'वर रंगात पाण्यासारखा पैसा ओतत होता. म्हणजे हे ठरवून केलेलं होतं. लोकांच्या डोक्यात डी-डे होता तो बातमीपटातला आणि युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाच्या त्या हललेल्या, अस्पष्ट फोटोंमधला, आणि पिक्चरला त्याच जगात जायचं होतं. शिवाय तेव्हा ऑस्करमध्ये छायाचित्रणाची दोन वेगळी बक्षिसं असायची, एक रंगीतसाठी, एक ब्लॅक अँड व्हाईटसाठी, आणि यातलं ब्लॅक अँड व्हाईटचं बक्षीस याच पिक्चरच्या जाँ बुर्ग्वाँ आणि वॉल्टर वॉटिट्झ या कॅमेरामननी मिळवलं. ज्या कामासाठी बक्षीस मिळालं त्याच कामावर 32 वर्षांनी कोणीतरी रंग चढवला. झॅनक 1979 मध्येच गेला होता, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

रंगवायचे कसे तेही जरा सांगतो कारण त्यातच सगळी गोम आहे. पिक्चरची चांगली प्रत व्हिडिओवर घ्यायची, ऑपरेटरने कॉम्प्युटरवर फ्रेममधला एकेक भाग वेगळा करायचा, हा चेहरा, हा कोट, हे आकाश, आणि त्याला रंग नेमून द्यायचा, मग पुढच्या फ्रेम्समध्ये तो भाग हलेल तसा तो रंग त्याच्यामागे न्यायचा. उजेड-अंधार मात्र मूळचाच राहतो. म्हणजे खाली सगळा राखाडी पिक्चर तसाच असतो आणि वरून पातळ रंगाचा हात दिलेला असतो, काचेवर रंग फासावा तसा. आणि राखाडीत मूळ रंग लिहिलेला नसतो हो! लाल आणि हिरवा दोन्ही फिल्मवर अगदी एकाच छटेचे येऊ शकतात. त्यामुळे कोट कुठल्या रंगाचा होता हे फिल्मकडून कळत नाही, कोणीतरी ठरवतं. गणवेशाचं एक वेळ संदर्भ बघून ठरवता येतं, पण गालावरचा रंग, पहाटेचं आकाश, ओली वाळू, हे कोण सांगणार? म्हणून मग सगळ्यांची कातडी एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्यासारखी दिसते, थंडीत भिजलेला पोरगा आणि खोलीत बसलेला जनरल दोघांचे गाल सारखेच.

आता मला सगळ्यात लागलेला सीन. जर्मन मेजर प्लुस्काट बंकरच्या फटीतून दुर्बिणीने समुद्र बघत असतो. रात्रभर काही नाही, धुकं, क्षितिज कुठे आहे तेसुद्धा कळत नाही. आणि मग त्या धुक्यातच काहीतरी दाट व्हायला लागतं, एक रेघ, मग अनेक रेघा, आणि कळतं की क्षितिजच जहाजांचं झालंय. मूळ पिक्चरमध्ये समुद्र राखाडी, आकाश राखाडी, जहाजं राखाडी, आणि तुमचा डोळा त्या मेजरच्या डोळ्याइतकाच ताणलेला असतो, जहाज त्याला दिसतं त्याच क्षणी तुम्हाला दिसतं. रंगवलेल्या प्रतीत पाणी निळसर, वरचं आकाश वेगळं, जहाजं वेगळी, म्हणजे रंगवणाऱ्याने कुठे काय आहे हे आधीच पाडून ठेवलंय. माझ्या अंगावर काटा आलाच नाही. तिथे दरवेळी येतो!

आणि त्या दिवशी समुद्र निळा असेल असं मानायला तरी काय आधार? हवा इतकी खराब होती की 5 जूनची स्वारी एक दिवस पुढे ढकलावी लागली होती, 6 तारखेलाही ढग आणि खवळलेलं पाणी होतं. खरा रंगच राखाडीच्या जवळचा होता. इथे कोणी म्हणेल की डी-डेचं रंगीत शूटिंग आहे की, आणि आहेच, जॉर्ज स्टीव्हन्स नावाचा दिग्दर्शक तेव्हा फौजेबरोबर होता आणि त्याच्याकडे कोडाक्रोमचा रंगीत रोल होता. मी त्यातले तुकडे बघितलेत आणि ते मला अतिशय आवडतात, कारण तिथे रंग त्या दिवसाच्या उजेडाने उमटलेला आहे, मागाहून कोणी भरलेला नाही.

दुसरा सीन भिंतीचा. रात्र, पॅराट्रूपर कुठेही विखुरलेले, कोणाला कोण कुठे आहे पत्ता नाही. अमेरिकन सैनिकांची एक रांग आणि जर्मन सैनिकांची एक रांग एका भिंतीपाशी समोरासमोरून येतात आणि एकमेकांच्या शेजारून सरळ निघून जातात, कोणाच्या लक्षातच येत नाही! ब्लॅक अँड व्हाईटमध्ये जर्मनांचा हिरवट करडा आणि अमेरिकनांचा खाकी रात्रीच्या उजेडात जवळपास एकच, तुम्हालाही हेल्मेटचा आकार बघूनच कळतं कोण कोण ते, आणि कळेपर्यंत अर्धी रांग गेलेली असते. म्हणजे त्या सैनिकांना जेवढं दिसतंय तेवढंच आपल्याला. रंग दिला की दोन टीम मैदानात उतरल्यासारख्या वेगळ्या, आणि मग मनात येतं की अरे एवढं ढळढळीत दिसतंय, या लोकांना कसं कळत नाही, वेडे आहेत का. सीनचा जीवच गेला.

पिक्चरचा पहिला मोठा भाग रात्रीचा आहे हे विसरून चालत नाही. त्या पॅराट्रूपरना एक पत्र्याचं छोटं खेळणं दिलेलं असतं, दाबलं की टक-टक वाजतं, अंधारात एकाने एकदा वाजवायचं आणि समोरच्याने उत्तर म्हणून दोनदा. एक पोरगा वाजवतो, उत्तरात दोन टक टक ऐकू येतात, तो विश्वासाने उठून उभा राहतो, आणि ते दोन आवाज असतात जर्मन रायफलचा बोल्ट मागेपुढे केल्याचे. हा सगळा सीन कानावर आहे, डोळ्याला तिथे जेवढं कमी मिळेल तेवढं चांगलं. रंगवणाऱ्यांना मात्र काळ्या रंगाची भीती वाटते की काय कोण जाणे, रात्र म्हटली की निळी करतात.

हे काही या एका पिक्चरचं नाही. 80 च्या दशकात टीव्ही चॅनेलवाल्या टेड टर्नरने जुन्या पिक्चरची मोठी लायब्ररी विकत घेतली आणि धडाधड रंगवायला काढली तेव्हा भयंकर भांडणं झाली होती, वुडी अ‍ॅलन, जेम्स स्टुअर्ट सगळे विरोधात, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन तर फारच चिडलेला. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी फ्रान्समध्ये खटला लढवला आणि 1991 मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने निकाल दिला की दिग्दर्शकाचा नैतिक हक्क डावलून त्याच्या पिक्चरची रंगवलेली प्रत दाखवता येणार नाही. अमेरिकेत एवढं नाही झालं, पण या गदारोळातूनच 1988 चा फिल्म जतन करण्याचा कायदा आला. मला फ्रेंचांचं पटतं.

पण सरसकट रंगवणं वाईट असंही मी म्हणणार नाही, आणि इथे माझं स्वतःचं मत बदललेलं आहे. पीटर जॅक्सनने 2018 मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमचं पहिल्या महायुद्धाचं खरं शूटिंग घेऊन रंगवलं, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा तो तुरुतुरु वेग दुरुस्त केला, ओठ वाचणाऱ्यांकडून सैनिक काय बोलतायत ते काढून आवाज दिले. ते बघताना मला रडू आलं होतं. तिथल्या कॅमेरामनकडे दुसरी फिल्म नव्हतीच, जे मिळालं त्यात त्याने समोरचं टिपलं. 'मुघल-ए-आझम'चंही तसंच, के. आसिफला सगळा पिक्चर रंगातच हवा होता, काही भाग त्याने रंगात काढलाही होता, मग 2004 मध्ये बाकीचा रंगवला तर त्याची इच्छाच पुरी झाली. ज्याने विचार करून काळा-पांढरा निवडला त्याच्या पिक्चरला हे लागू होत नाही, एवढंच.

आता भाच्याचं सांगतो. तो रंगीत पिक्चर बघून म्हणाला की भारी आहे पण काहीतरी जुन्या पोस्टरसारखं दिसतंय. रविवारी परत आला तेव्हा मी तीच रंगवलेली प्रत लावली, भिंतीच्या सीनपाशी थांबवली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन कलर पार शून्यावर आणला आणि रिमोट त्याच्या हातात दिला. रंग हा वरून दिलेला हात असल्यामुळे तो काढला की खालचा मूळ पिक्चर जवळपास जसाच्या तसा मिळतो, कॅसेटवरून आल्यामुळे थोडा मऊ दिसतो पण मिळतो. त्याने तो सीन लावला, पुढे सरकून बसला, रांगा निघून गेल्या आणि म्हणाला, "थांब, यातले जर्मन कुठले होते?" आणि मागे नेऊन परत लावला.